डाव्या पायाचं माप

आमच्या दुकानात माणसाचा एकच पाय मोजायचे. उजवा. सासऱ्यांनी घालून दिलेली रीत. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की उजवा पाय कागदावर ठेवायला लावायचा, भोवती पेन्सिल फिरवायची, मग फीत गुंडाळायची. बोटांपाशी, मधे, घोट्यापाशी, आणि बूट उंच असेल तर पोटरीपाशी. डावा जोडा त्याच मापावर उलटा कापायचा. सासरे म्हणायचे, दोन पाय एकाच साच्यातून निघालेत, दोनदा मोजणारा तो संशयखोर. मी चाळीस वर्षं तसंच केलं. शाळा चौथीपर्यंतच झाली माझी, पण पाय बघून माणूस ओळखते. टाच कुठे झिजते त्यावरून कोण कर्जात आहे आणि कोण प्रेमात, तेही सांगते.

माझी धाकटी जाऊ दहावी पास. लग्न होऊन आली त्याच महिन्यात म्हणाली, दोन्ही पाय मोजायला हवेत. दहावी पास झालं की पाय कळायला लागतात असं तिला वाटायचं. मी म्हटलं, आधी आरी सरळ धरायला शीक. ती शिकली. माझ्यापेक्षा बारीक टाके घालायला लागली. ते मी तिला कधी सांगितलं नाही, आणि आताही सांगणार नाही.

दोघींचे नवरे पुढेमागे गेले. दुकान आम्हा दोघींवर पडलं. खाली दुकान, वर घर, मधे चौदा पायऱ्यांचा जिना. तोंडाला तोंड लागायला याहून काय हवं?

पण अकरा वर्षं तोंडाला तोंड लागलंच नाही. ते असं झालं. शाळेतल्या ड्रिल मास्तरांचे बूट परत आले. डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं. मी म्हटलं, "मास्तर, नवं चामडं आहे. दोन दिवस चावणारच." तेवढ्यात मागून ही, हातातली आरी न थांबवता, "मी सांगितलं होतं दोन्ही मोजा म्हणून. यांना ऐकू येतं हो, ऐकायचं नसतं."

गिऱ्हाइकासमोर! घरात मला काय वाट्टेल ते बोल, मी दुप्पट बोलेन. पण गिऱ्हाइकासमोर तिनं मला स्टुलावर बसवून माझं माप काढलं. वर स्वतः मास्तरांचा डावा पाय मोजला, डाव्या कळबुतावर, म्हणजे बूट ज्यावर ताणतात त्या लाकडी पायावर, चामड्याचा तुकडा चिकटवून फुगवटा केला आणि नवा बूट शिवून दिला. मास्तर उड्या मारत गेले. ते लाकडी कळबूत तिनं आमच्या दोघींच्या बैठकीमधल्या खिळ्याला टांगलं. रोज माझ्या डोळ्यांसमोर.

त्या दिवसापासून आम्ही एकमेकींशी बोललो नाही. बोलायचं झालं तर त्या लाकडी पायाशी.

"लाकोबा," ती म्हणायची, "कोणाला तरी सांग, मेणाचा गोळा हवाय."

"लाकोबा, सांग, कपाटात आहे. डोळे असले तर दिसेल."

"डोळे आहेत रे बाबा. कपाटात पसारा किती, ते विचार."

"पसाऱ्यात राहायचं नसेल तर दरवाजा उघडा आहे म्हणावं."

तिची मुलगी, माझी पुतणी, कचेरीतून घरी आली की कपाळावर हात मारायची. आम्हाला मात्र सोयीचं होतं. लाकडाला मधे घेतलं की शब्द निवडून मारता येतात.

गेल्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. स्वादुपिंडाला. हा अवयव माणसाला असतो हेच मला तेव्हा कळलं. गाठ वाईट होती, कापून काढण्याजोगी नव्हती. दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात शिरेतून औषध सोडायचे. केस गेले, चव गेली, हातापायांना मुंग्या यायला लागल्या. आजारानं माणूस गरीब होतं म्हणतात. ही झाली नाही.

"लाकोबा, आजारी माणसानं आरी धरू नये म्हणावं. बोटात घुसेल."

"लाकोबा, ज्याला धरता येत नाही त्याच्याच बोटात घुसते."

मला बरं वाटायचं. जिभेला धार आहे तोवर बाईला काही होत नाही, असं माझं डॉक्टरीचं ज्ञान.

मग एके दिवशी पुतणी खाली आली आणि माझ्यासमोर स्टुलावर बसली. "काकू, आईला सगळ्या चपला टोचतात. मऊ जोडे कराल?"

"तिनं पाठवलं तुला?"

"नाही."

"मग ती घालेल कशावरून?"

"काकू, मोजा तर खरं. हात जोडते."

कागद, पेन्सिल आणि फीत घेऊन मी वर गेले. ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. पाय पाटावर, त्यांच्यावर शाल. उजवा पाय तिनं बाहेर काढला. मी मोजला. हाड वर आलं होतं, कातडी कागदासारखी. मी वर बघितलं नाही. आकडे लिहून फीत गुंडाळायला लागले, तशी तिनं दुसरा पाय शालीखालीच पुढे सरकवला. लाकोबा खाली राहिला होता, म्हणून खिडकीला म्हणाली, "खिडकीबाई, कोणी हासुद्धा मोजला तर हात झिजणार नाहीत."

झालं. मरायला टेकली तरी हिला अकरा वर्षांपूर्वीचीच फिर्याद पुन्हा लावायची होती.

मी दाराला म्हटलं, "दारोबा, सांग, आमच्या दुकानात एकच मोजतात." आणि शाल न उचलता खाली आले.

जोडे मात्र मन लावून केले. मेंढीचं पातळ चामडं, आत एक टाका लागू दिला नाही, तळाला लोकरीचा दुहेरी नमदा. चार दिवस लागले. इतकं मऊ काम मी माझ्या आईसाठीही केलं नव्हतं. ती होती तेव्हा मला येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

उजवा जोडा लोण्यातून केस निघावा तसा पायात गेला. डावा टाचेपाशी अडला. पायावर तिनं जाड मोजा चढवला होता, गुडघ्यापर्यंत. मी टाचेमागे जोडा चढवायची पट्टी लावली. जाईना. मग मी पोटरी धरली आणि ढकललं. ती "आई गं!" करून ओरडली. डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडावर तोच भाव, ड्रिल मास्तरांच्या दिवशीचा.

"बघितलंस, खिडकीबाई?"

माझं डोकं फिरलं. "बोटं आखडून धरली की लाकडाच्या पायालासुद्धा जोडा होत नाही म्हणावं!" डावा जोडा काढून घेतला आणि दाणदाण पाय आपटत जिना उतरले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती खाली आली. काम काही जमत नव्हतं, नुसती बसून मेण चोळत होती. तासाभरानं वर निघाली. चौथ्या पायरीला थांबली. सातव्याला थांबली. दहाव्या पायरीला कठडा धरून उभी राहिली, तोंड उघडं, खांदे वरखाली.

"लाकोबा," मी म्हटलं, "नाटकमंडळी आली बघ गावात."

उत्तर आलं नाही.

ती हळूहळू उरलेल्या पायऱ्या चढून गेली. मी चामडं कापायची रापी हातात धरून बसून राहिले. अकरा वर्षांत तिनं माझं एक वाक्य बिनउत्तराचं सोडलं नव्हतं. ताप असताना नाही, केस गेले त्या आठवड्यात नाही, औषधानं ओकाऱ्या काढताना नाही. ओकून, तोंड पुसून उत्तर द्यायची. आणि आज एवढं आयतं वाक्य मी तिच्या हातात दिलं, तर ते तिनं पायरीवर टाकून दिलं.

मी डावा जोडा फळीवरून काढला. आत हात घातला. माणूस बोटं आखडतं तेव्हा पुढच्या चामड्यावर आतून वळ उठतात. तिथं काही नव्हतं, पुढचा भाग कोरा होता. ताण पडला होता तो वर, तोंडापाशी, घोट्याच्या बाजूनं. शिवण तिथं ओढली गेली होती. बोटं आत जायला तयार होती, पायच आत मावत नव्हता. माणूस खोटं बोलतं, चामडं बोलत नाही.

फीत घेतली आणि वर गेले. खरं सांगते, काळजीनं गेले नाही. कोण खोटं ते एकदा आकड्यानं ठरू दे, म्हणून गेले. पुतणी त्या दिवशी घरी होती. खोटी पडले तर साक्षीदार नको म्हणून तिला बाहेर घालवावं, की खरी ठरले तर हवी म्हणून थांबवावं, एवढा विचार जिन्यात केला. थांबवली.

मी शाल बाजूला केली आणि मोजा उतरवला. तिनं हरकत घेतली नाही. उजवी पोटरी, साडेबारा इंच. डावी, पावणेपंधरा.

पुन्हा मोजली. पावणेपंधरा.

कातडी ताणून चकचकीत झाली होती, लालसर, हाताला गरम. अंगठा जरा टेकवला तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. सुजलेले पाय मी आयुष्यात हजारो पाहिले. उभ्यानं काम करणारे, म्हातारे, पोटुशा बायका. सूज येते ती दोन्ही पायांना येते, जोडीनं. एकच पाय असा फुगलेला आणि दुसरा काडी, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

आता ती बोलणार, म्हणून मी मान ताठ केली. बोल बाई, जिंकलीस.

तिनं उजव्या बरगडीखाली हात ठेवला. "श्वास घेतला की इथं सुरी लागते," ती म्हणाली. "कालपासून."

हे ती मला म्हणाली. खिडकीला नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, आणि तिचे ओठ शाईच्या पाण्यात बुडवल्यासारखे दिसत होते.

पुतणी म्हणाली, "औषधानं थकवा येतो, दम लागतो, असं सांगितलंय डॉक्टरांनी. परवा तारीख आहेच आपली, तेव्हा..."

"थकवा एका पायात शिरतो का गं? गाडी बोलाव. आत्ता."

तिला चालू द्यायचं नाही एवढं मला कळलं, कशावरून ते विचारू नका. समोरच्या इस्त्रीवाल्याला हाक मारली. खुर्चीसकट तिला उचललं. वरची बाजू त्यानं धरली, खालची मी. चौदा पायऱ्या. मधे ती पुटपुटली, "पाडाल."

"पाडायचं असतं तर अकरा वर्षं थांबले असते का?"

दवाखान्यात काचेमागे एक माणूस बसला होता. मान वर न करता म्हणाला, "नंबर घ्या आणि बसा."

मी फीत काचेवर आपटली. "हा घे नंबर. साडेबारा आणि पावणेपंधरा. एकाच बाईच्या दोन पोटऱ्या आहेत, कॅन्सरची बाई आहे, आणि तिला श्वास घेता येत नाहीये. आता तू बसतोस की डॉक्टरला उठवतोस?"

तो उठला. त्याच्या टाचा आतून झिजलेल्या होत्या. आळशी माणूस.

पोरगेलीशी डॉक्टरीण आली. जाऊच्या बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला आणि पोरीच्या चेहऱ्यावरचं पोरपण गेलं. नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क चढवला, शिरेत रंग सोडून छातीचे फोटो काढले. तासाभरानं बाहेर येऊन तिनं आम्हा दोघींना उभ्यानंच सांगितलं. पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालीय. तिचे तुकडे सुटून हृदयातून पुढे गेले आणि फुप्फुसांच्या शिरांमधे अडकले. दोन्ही बाजूंना. म्हणून दम, म्हणून सुरी. कॅन्सरमधे रक्त लवकर गोठतं, या गाठीत तर जास्तच, त्यात ही औषधं आणि बसून राहणं. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू केली आहेत.

"मोरीच तुंबली म्हणा की," मी म्हटलं.

"तसंच समजा. आणखी उशीर केला असता, तर..." ती थांबली.

"वाक्य पुरं करा."

"तर आणायची गरज पडली नसती."

मग ती जाऊच्या खाटेपाशी गेली, आम्ही मागून. वही उघडून विचारलं, "पायाला सूज कधीपासून?"

पुतणी म्हणाली, "आजच दिसली. ती मोजा घालायची."

जाऊ मास्कमधून माझ्याकडे बघत होती. पुतणीला काही माहीत नव्हतं, डॉक्टरणीला नव्हतं. आज दिसली, असंच वहीत गेलं असतं. आणि तिथं सगळ्यांसमोर तोंड उघडायचं म्हणजे स्टुलावर पुन्हा मीच.

"आज नाही," मी म्हटलं. "आठ दिवसांपूर्वी मी जोड्यांचं माप घ्यायला गेले. एकाच पायाचं घेतलं. हा पाय तिनं पुढे केला होता, मी शाल उचलली नाही. चार दिवसांनी जोडा जाईना, तेव्हा सूज होती. नक्की होती. मी पोटरी धरून ढकललं."

पुतणीनं माझ्याकडे असं बघितलं, की चापट परवडली असती.

"त्यानं हे झालं का?" मी डॉक्टरणीला विचारलं.

"सांगता येणार नाही. गुठळी आधीपासून असणार. पण सुजलेला पाय दाबायचा नाही, चोळायचा नाही, ढकलायचा तर नाहीच." तिनं लिहून घेतलं. "यांना असं होऊ शकतं हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं? पहिल्या दिवशी एक कागद देतो आम्ही. एकच पाय सुजला किंवा दम लागला तर लगेच या, असं लिहिलेलं असतं त्यावर."

पुतणीनं फायलीतून कागद काढला. घडी पडून पडून मऊ झाला होता. कोणीतरी पुष्कळदा उघडला होता तो. मी वाचत नाही एवढं बारीक, पुतणीनं आत्ताच पाहिला. उरली कोण?

डॉक्टरीण गेल्यावर मी खाटेपाशी वाकले. "तू वाचला होतास."

तिनं मास्क जरा उचलला. "दहावी पास आहे मी."

"मग?"

"पाय जाड वाटत होता. पण मुंग्यांनी... सगळंच जाड वाटतं. खात्री नव्हती. माप हवं होतं." श्वास घेतला. "म्हणून पुढे केला."

मग असा संताप आला की खाटेचा दांडा गच्च धरावा लागला. "अगं मग तोंडानं सांगायचं, बाई! पाय सुजलाय, मोज, एवढं म्हणायला काय झालं होतं?"

"कोणाला सांगू? आपण बोलत नव्हतो, जाऊबाई."

"पोरीला सांगायचं!"

"ती घाबरते."

"आणि मेलीस असतीस तर ती नाचली असती का?"

"मेले असते तर..." पुन्हा श्वास, "तुम्ही माझ्या खिळ्यावरचं कळबूत काढून टाकलं असतं. त्या धास्तीनं जगले."

पुतणी ओरडली, "गप्प बसा दोघी! एकीनं बघितलं नाही, दुसरीनं सांगितलं नाही, आणि भांडताय कसल्या? लाज नाही वाटत?" नर्सही आली आणि म्हणाली, पेशंटला बोलायला लावू नका. मी म्हटलं, "मी लावत नाही, ती थांबत नाही." मला बाहेर काढलं. बाकावर बसून मी फीत बोटाला गुंडाळत राहिले. आठ दिवस. एक शाल उचलायला किती वेळ लागतो?

नऊ दिवसांनी तिला घरी आणलं. पुतणी माझ्याशी मोजकंच बोलते अजून. बोलू नये तिनं, तिचा हक्क आहे. ती आईला पोटात इंजेक्शन टोचते, सकाळ-संध्याकाळ. पोटावर निळेकाळे डाग पडलेत. मोजमाप माझ्याकडे. डॉक्टरणीनं गुडघ्याखाली चार बोटांवर पेनानं खूण करून दिलीय, दोन्ही पायांना, रोज त्याच जागी मोजायचं. पहिल्या दिवशी डावा चौदा. आठवड्यानं साडेतेरा. आता तेराला पाव कमी.

"घट्ट धरताय फीत," ती म्हणते.

"चाळीस वर्षं धरतेय."

"चाळीस वर्षं एकाच पायाला."

असं रोज. अकरा वर्षांचं साचलेलं आहे, लवकर संपायचं नाही. गाठ आहे तिथंच आहे. डॉक्टर नवं औषध बघू म्हणतात, आणि तिच्यासमोर जास्त बोलत नाहीत. मी तिचा नवा डावा जोडा केला. घोट्याशी पट्टा दिला, सूज उतरेल तसा आवळता येईल असा. तिनं उलटसुलट करून टाके तपासले आणि म्हणाली, "ठीक आहे." मी तरी तिच्या टाक्यांना कधी काय म्हटलंय?

परवा एक गिऱ्हाईक आलं, जुनं. सवयीनं उजवा पाय कागदावर ठेवला. मी पेन्सिल फिरवली, मग दुसरा कागद टाकला. "डावा ठेवा."

"बाई, तुमच्याकडे तर एकच मोजतात."

"रीत बदललीय."

"अरे वा. कोणी बदलली?"

वर जिन्याच्या तोंडाशी ती खुर्ची टाकून बसली होती. तिथून आवाज आला, "सांगा, सांगा जाऊबाई, त्यांना सांगा ना कोणी बदलली आणि किती वर्षं ओरडत होतं कोण ते!"

एका दमात. मधे कुठे श्वास घ्यायला थांबली नाही. पुन्हा गिऱ्हाइकासमोर.

माझ्या जिभेवर चांगलं तिखट उत्तर आलं होतं. मी पेन्सिल खाली ठेवली, गिऱ्हाइकाला म्हटलं, "थांबा जरा," आणि जिन्याखाली जाऊन तिला ते पूर्ण ऐकवलं. तिनं लगेच दुसरं फेकलं. मग मी परत येऊन डावा पाय मोजला.